निवाऱ्यातल्या कुत्र्याला घर मिळवून देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेल्टरमधले स्वयंसेवक, फॉस्टर कुटुंबं (कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला आपल्या घरी सांभाळणारी) आणि कुत्रा घ्यायला येणारी माणसं यांचे काही प्रश्न सतत येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. जिथे एक उत्तर दुसऱ्याला जाऊन भिडतं तिथे क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडच्या एका कुत्र्यासाठी घर शोधायचंय. सुरुवात कुठून करू?

कुत्र्यापासून. फोटो, पोस्ट, ओळखीपाळखीचे ग्रुप हे सगळं नंतर. आधी त्याला पिंजऱ्याबाहेर काढा आणि वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांबरोबर तो कसा वागतो ते पाहा. अनोळखी माणूस आला की पुढे येतो की मागे सरतो? पट्टा लावताना मान आखडतो का? खाताना कुणी जवळ गेलं तर एकदम भराभर खायला लागतो का? (आपलं खाणं राखण्याची ही पहिली खूण, गुरगुरण्याच्या कितीतरी आधीची.) मोठा आवाज झाल्यावर सावरायला त्याला किती वेळ लागतो?

हे सगळं वहीत लिहा. ‘प्रेमळ आहे’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘टोपी घातलेल्या माणसावर भुंकतो, टोपी काढली की शेपूट हलवत येतो’ या नोंदीतून कळतं. योग्य घर याच वहीतून सापडतं.

२. घर शोधण्याआधी वैद्यकीय काय काय झालेलं हवं?

लसी, जंतनाशक, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, नसबंदी, मायक्रोचिप, आणि गोचिडांतून किंवा डासांतून पसरणाऱ्या रोगांसाठी पशुवैद्य सांगतील त्या रक्ततपासण्या.

पिल्लांची लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी द्यावी लागते. ‘एकदा दिली ना, मग पुन्हा कशाला?’ असं नवी कुटुंबं हमखास विचारतात. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात असतात, तोवर ती लसीला काम करू देत नाहीत. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून शेवटचा डोस चुकवून चालत नाही, आणि पिल्लू घरी गेल्यावर ही जबाबदारी कुटुंबावर येते हे त्यांना तारखांसकट लिहून द्या.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. चिपमध्ये बॅटरी नसते आणि कुत्रा कुठे आहे हे ती सांगू शकत नाही. स्कॅनर जवळ नेला की फक्त एक क्रमांक दिसतो, बहुतेक ठिकाणी १५ अंकी. त्या क्रमांकापुढे नोंदवहीत जुनाच फोन नंबर राहिला तर चिप असून नसल्यासारखी. नोंद बदलण्याचं काम कुत्रा घरी जाईल त्याच दिवशी उरका.

३. पिल्लू किती आठवड्यांचं झाल्यावर द्यावं?

८ आठवड्यांच्या आधी नाही. चावा किती जोरात लागला की समोरचा खेळ थांबवतो, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. माणसं, आवाज, जमिनी, वस्तू यांची ओळख होण्याचा काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा असतो, त्यामुळे विनाकारण उशीरही करू नका.

४. फोटोला लोक प्रतिसादच देत नाहीत. काय चुकत असावं?

गज. पिंजऱ्याच्या जाळीआडून काढलेल्या फोटोत कुत्रा कैदी दिसतो आणि बघणारा पुढे सरकतो. त्याला बाहेर आणा, दहा-पंधरा मिनिटं हुंगू द्या, पळू द्या, मग जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. तोंड किंचित उघडं आणि कान सैल असतील तो क्षण टिपा. एक फोटो माणसाच्या शेजारी उभा असताना हवाच, नाहीतर आकाराचा अंदाज येत नाही आणि भेटीच्या दिवशी ‘अहो, हा तर फारच मोठा आहे’ असं ऐकावं लागतं.

काळ्या कुत्र्याला भर उन्हात उभं करू नका, पाठीमागे गडद भिंतही नको. मोकळ्या सावलीत, फिकट पार्श्वभूमीवर त्याचे डोळे आणि भुवयांची हालचाल दिसते, आणि लोक अडकतात ते तिथेच. अर्ध्या मिनिटाचा साधा व्हिडिओ फोटोपेक्षाही जास्त सांगून जातो.

५. माहितीत काय लिहावं? आणि जात कोणती लिहायची?

दया येईल असं लिहिण्याचा मोह टाळा. ‘याचं जगात कुणी नाही’ वाचून हळहळ वाटते, कुणी फोन करत नाही. आणि दयेपोटी नेलेला कुत्रा पहिल्याच फाटलेल्या उशीनंतर परत येण्याची धास्ती असते. वाचणाऱ्याला तो आपल्या घरात वावरताना दिसला पाहिजे: ‘सकाळी फिरून आला की दुपारभर झोपतो. पाहुण्यांचं स्वागत तोंडात काहीतरी धरूनच करतो. जिने चढायला घाबरतो. एकटं राहण्याची सवय तीन तासांपर्यंत आहे.’ वय, वजन, नसबंदी, लसी या गोष्टी शेवटी दोन ओळींत पुरतात.

जातीबद्दल मात्र आग्रहाने सांगतो: दिसण्यावरून अंदाज लिहू नका. मिश्र जातीच्या कुत्र्यांत नुसतं रूप पाहून सांगितलेली जात आणि डीएनए चाचणीतून निघालेली जात वारंवार वेगळी निघते, शेल्टरमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांचेही अंदाज चुकतात. चुकीचं लेबल लागलं की चुकीच्या अपेक्षा येतात, आणि काही जातींबद्दलची भीती विनाकारण त्या कुत्र्याच्या माथी बसते. ‘मध्यम आकाराचा, मिश्र जातीचा’ एवढं पुरे.

६. त्याचा दोष सांगितला तर कोण घेईल? लपवला तर चालेल का?

नाही. कुत्र्याचा सगळ्यात मोठा घात आपण इथे करतो. लपवलेली गोष्ट पहिल्या आठवड्यात बाहेर येते, तेव्हा कुटुंबाची तयारी नसते आणि कुत्रा आणखी बिथरून परत येतो. दुसऱ्या खेपेला त्याच्या नावापुढे ‘परत आलेला’ असाही शिक्का बसतो.

मात्र सांगायचं कसं याला महत्त्व आहे. ‘आक्रमक’, ‘हट्टी’, ‘भित्रा’ हे शिक्के टाळा. काय घडतं, कधी घडतं, आणि तेव्हा काय केलं की फरक पडतो, हे तिन्ही सांगा. आमच्याकडे एक तपकिरी कुत्री होती. पायाला हात लावला की ती ओठ आवळून थिजायची. ‘पंजे पुसताना आधी जमिनीवर खाऊ ठेवा, एका वेळी एकच पंजा, ती थिजली की थांबा’ असं तिच्या कागदावर लिहिलं होतं. ते वाचून एक आजीबाई म्हणाल्या, ‘मग सावकाश पुसू की, मला कुठे घाई आहे?’ तिचं घर तिथेच ठरलं.

७. पिंजऱ्यात सतत भुंकतो, जाळीवर झेपावतो. असा कुत्रा घरात कसा राहील?

बहुतेकदा वेगळाच वागतो. कुत्र्यांनी भरलेल्या केनेलमधला गोंगाट १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. त्यात सलग झोप नाही, येणारे-जाणारे समोरून टक लावून बघतात, आणि मागे सरकायला जागा नाही. अशा ठिकाणी जाळीवर झेपावणारा कुत्रा पुष्कळदा ‘लांब राहा’ किंवा ‘मला बाहेर काढा’ एवढंच सांगत असतो. शेल्टरमधले कुत्रे एक-दोन रात्रींसाठी घरी नेले तेव्हा त्यांच्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाची पातळी उतरल्याचं अभ्यासांत दिसलंय. परत आणल्यावर ती पुन्हा पूर्वीच्या जागी गेली.

उलटंही घडतं, आणि ते जास्त निसटतं. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या कुत्र्याला लोक ‘शांत, गुणी’ म्हणतात. तो शांत नसतो, मिटलेला असतो. मोकळं वाटायला लागल्यावर त्याचा खरा स्वभाव दिसतो, कधी खेळकर, कधी कटकट्या. म्हणून नुसत्या पिंजऱ्यातल्या वागण्यावरून दोघांबद्दलही शब्द देऊ नका. भेट नेहमी मोकळ्या, शांत जागेत घडवा, आणि जमेल तर आधी फॉस्टर घर द्या.

८. फॉस्टर घराने खरंच फरक पडतो, की कुत्र्याची उगाच ओढाताण?

फरक पडतो. घंटी वाजली की काय करतो, मिक्सरला घाबरतो का, रात्री कुठे झोपतो, हे शेल्टरमध्ये कळूच शकत नाही. अगदी शनिवार-रविवारपुरतं नेलं तरी वहीत भर पडते. फॉस्टर करणाऱ्याच्या ओळखीतून घर मिळतं, हा आणखी एक फायदा. त्याला स्वतःलाच तो कुत्रा ठेवावासा वाटला तर त्यात वावगं काही नाही. फक्त बाकी सगळ्यांना विचारतो तेच प्रश्न (पाहा ९) त्यालाही विचारा.

९. घर योग्य आहे हे कसं ओळखायचं? नोकरी करणाऱ्यांना किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना द्यावं का?

द्यावं. अंगण नाही म्हणून नकार देणं मला पटत नाही. अंगण असलं की पुष्कळ कुत्रे तिथेच सोडून दिले जातात. दिवसातून दोन-तीनदा फिरायला नेणारं एका खोलीचं घर कितीतरी बरं.

मुलाखत घेतल्यासारखं विचारू नका, गप्पा मारा. दिवस कसा जातो ते ऐका. नेमके प्रश्न हे: घरातल्या प्रत्येकाला कुत्रा हवाय का? सकाळी सहाला कोण उठणार? घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का? गावाला गेलात तर कोण सांभाळेल? आजारपणाचा खर्च झेपेल का? आधी कुत्रा होता का, त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाला माणूस काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो ते पाहा.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या घरात अलीकडे पार्वोने पिल्लू गेलं असेल तिथे लसी अपुऱ्या असलेलं पिल्लू देऊ नका. हा विषाणू महिनोन् महिने जमिनीत, वस्तूंवर टिकतो आणि साध्या फिनाईलने हमखास मरत नाही. पूर्ण लस झालेला मोठा कुत्रा अशा घरी जाऊ शकतो.

१०. लहान मुलं असलेल्या घरात मोठा कुत्रा द्यावा का?

वयापेक्षा आणि आकारापेक्षा दोन्हीकडचे स्वभाव पाहा. भेटीत मुलांना बसवा आणि कुत्र्याला स्वतःहून येऊ द्या. ओठ चाटत राहणं, झोप नसताना जांभया, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत बघणं, अंग ताठ होणं, या अस्वस्थतेच्या खुणा आहेत. तेव्हा भेट थांबवा. ‘बघा कसा गप्प सहन करतो’ म्हणून कौतुक होतं, पण सहन करणं आणि आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

कुटुंबाला दोन नियम द्या. खाताना आणि झोपताना कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही. आणि मोठं माणूस खोलीत नसेल तर मूल आणि कुत्रा एकत्र ठेवायचे नाहीत, कितीही विश्वासाचा असला तरी. गुरगुरल्याबद्दल त्याला कधी रागावू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. तो बंद पडला तर पुढच्या वेळी सरळ दातच लागतात.

११. घरात आधीच कुत्रा आहे. ओळख कशी करून द्यायची?

दोघांच्याही हद्दीबाहेर. दोन माणसं, दोन पट्टे, मधे चांगलं अंतर, आणि एकाच दिशेने चालायचं. समोरासमोर आणायचं नाही. दोघं जमीन हुंगायला लागले, अंग सैल झालं की अंतर हळूहळू कमी करा. पट्टे ताणून धरलेत तर तो ताण त्यांच्या अंगात उतरतो. घरात शिरण्याआधी खेळणी, हाडकं, खाण्याची भांडी उचलून ठेवा. पहिले काही दिवस जेवण वेगळ्या खोल्यांत.

१२. आणि मांजर असेल तर?

मांजराला उंच जागा आणि कुत्रा शिरू शकणार नाही अशी एक खोली हवीच. आधी वासाची ओळख (अंथरुणांची अदलाबदल), मग जाळीआडून किंवा फटीतून, मग कुत्रा पट्ट्यावर असताना. मांजर दिसल्यावर खाऊकडे किंवा तुमच्या हाकेकडे वळू शकणारा कुत्रा शिकतो. नजर खिळवून थिजणारा, हाक ऐकूच न येणारा कुत्रा मांजराच्या घरी देऊ नका. इथे ‘होईल सवय’ या भरवशावर राहणं मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

१३. आमच्याकडे एकाला ॲलर्जी आहे. केस न गळणारा कुत्रा मिळेल का?

केस कमी गळणारा मिळेल, ॲलर्जी न होणारा असा कुठलाच प्रकार नाही. ॲलर्जी होते ती लाळ, कोंडा आणि मूत्रातल्या प्रथिनांची. त्याच कुत्र्याबरोबर दोन-तीन वेळा बंद खोलीत वेळ घालवून पाहा, डॉक्टरांशी बोला, मग ठरवा. दमा असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊच नका.

१४. घरी नेल्यावर पहिले दिवस कसे असतात?

ढोबळमानाने तीनाचा हिशेब सांगतात: ३ दिवस बावरलेपणाचे, ३ आठवडे घराची रीत कळायला, ३ महिने घर आपलं वाटायला. हा ठोकताळा आहे, काहींना वर्ष लागतं.

पहिल्या दिवशी पाहुणे नकोत, आंघोळ नको, शेजारपाजाऱ्यांची रांग नको. एक कोपरा द्या जिथे त्याला कुणी हात लावणार नाही. तो पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका, तुम्ही जमिनीवर बसून आपलं काम करत राहा. शेल्टरमध्ये जे खात होता तेच द्या आणि नवं अन्न साधारण आठवडाभरात थोडं थोडं मिसळत जा, नाहीतर पोट बिघडतं. एक-दोन दिवस नीट खाल्लं नाही तरी पाणी पीत असेल, उलट्या-जुलाब नसतील तर घाबरू नका. पिल्लू मात्र दिवसभर खात नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.

एकटं राहायला पहिल्या दिवसापासून शिकवा: एक मिनिट बाहेर, परत आत. मग पाच मिनिटं. रजा काढून आठवडाभर चोवीस तास सोबत राहायचं आणि सोमवारी एकदम नऊ तास गायब व्हायचं, यातून रडारड आणि दाराची ओरबाडाओरबाड सुरू होते.

सगळ्यात मोठा धोका दाराचा. नवा कुत्रा निसटण्याची भीती पहिल्या दिवसांत सर्वाधिक असते, कारण पळून जाऊन परत यायला त्याच्या मनात अजून ‘घर’ तयार झालेलं नसतं. घाबरट कुत्रा मागे सरकून साध्या पट्ट्यातून मान सहज काढतो. म्हणून सुरुवातीला गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही, दोन दोऱ्यांसकट. गाडीचं दार उघडण्याआधी दोरी हातात.

१५. तरीही निसटला तर?

पाठलाग करू नका, मोठ्याने हाकाही मारत सुटू नका. घाबरलेल्या कुत्र्याला ओळखीचा माणूसही धावत येताना शिकाऱ्यासारखा वाटतो. जिथे शेवटचा दिसला तिथे त्याचं अंथरूण, घरातल्या माणसाचा न धुतलेला कपडा आणि पाणी ठेवा. दिसलाच तर बाजूला तोंड करून खाली बसा आणि खाऊ टाका. शेल्टरला लगेच कळवा. ज्याला तो चांगला ओळखतो अशा स्वयंसेवकाजवळ तो येण्याची शक्यता जास्त असते.

१६. म्हाताऱ्या कुत्र्याला कोणी घेईल का?

घेतात. त्याला वेगळी माणसं लागतात. पिल्लाची दांडगाई नको असलेली, घरी बराच वेळ असणारी, संथ फिरणारी. वय लपवू नका, दात, सांधे, हृदय, मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून औषधांचा महिन्याचा अंदाज लिहून द्या. अज्ञात खर्चाला लोक घाबरतात, माहीत असलेल्या खर्चाचा विचार करतात. औषधपाण्याचा भार शेल्टर उचलू शकत असेल तर ‘कायमचं फॉस्टर’ हाही रस्ता आहे.

१७. जोडी तोडावी की एकत्रच द्यावी?

एक बाहेर गेला की दुसरा खाणं सोडतो, येरझारा घालतो, परत आल्यावरच झोपतो? तर एकत्रच द्या, घर उशिरा मिळालं तरी. नुसते एका पिंजऱ्यात राहिलेत म्हणून जोडी होत नाही. पट्ट्यावर वेगवेगळं फिरवून, वेगळ्या खोलीत झोपवून पाहा. एकाच वेतातली दोन पिल्लं एका घरात देताना मी सावध असतो. दोघांना रोज वेगवेगळं फिरवण्या-शिकवण्याची कुटुंबाची तयारी असेल तरच द्यावीत.

१८. बहिरा, आंधळा किंवा तीन पायांचा कुत्रा?

तीन पायांचा कुत्रा सहसा आपल्या अंदाजापेक्षा लवकर सावरतो. त्याचं वजन आटोक्यात ठेवायचं, घसरड्या फरशीवर चटया घालायच्या. आंधळ्यासाठी सामान हलवत राहायचं नाही. बहिरा कुत्रा हातांच्या खुणांवर छान शिकतो, पण कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळा सोडायचा नाही आणि झोपेतून उठवताना आधी अंथरूण हलवायचं.

१९. तो एकदा चावलाय. आता त्याला घर द्यायचंच नाही का?

‘चावलाय’ या एका शब्दावर निर्णय होत नाही, होऊ नये. पाय मोडलेल्या कुत्र्याने उचलताना दात लावले, आणि काही कारण नसताना धावत येऊन खोल चावे घेतले, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इयन डनबार या पशुवैद्यांची चाव्यांची ६ पायऱ्यांची पट्टी बऱ्याच ठिकाणी वापरतात. पहिल्या पायरीवर दात अंगाला लागतच नाहीत, दुसऱ्यावर दात लागतात पण खुपत नाहीत, चौथ्यापासून खोल जखमा, सहाव्यावर मृत्यू. पायरी, प्रसंग, आधी इशारा दिला होता का, आणि दुखणं आहे का, हे चारही लिहा. पशुवैद्यांकडून दुखण्याची शक्यता आधी तपासा. कान, दात, कंबर हे पुष्कळदा कारण निघतं.

खालच्या पायऱ्यांवरचा, कारण स्पष्ट असलेला कुत्रा जाणत्या, बिनमुलांच्या घरी जाऊ शकतो. जाळीच्या तोंडपट्टीची सवय खाऊ देत आधीच लावा, आणि चाव्याची पूर्ण हकिकत कुटुंबाला लेखी द्या, त्यांची सही घ्या. इशारा न देता खोल चावणारा कुत्रा मात्र देऊ नका. हा निर्णय एकट्याने घेऊ नका. पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ दोघे हवेत. त्याच्यावर तुमचा जीव जडलेला असतो, आणि म्हणूनच.

२०. कुटुंबाने कुत्रा परत आणला. आता?

आधी ‘आणलात हे बरं केलंत’ म्हणा, आणि मनापासून म्हणा. रागावलात तर पुढचा माणूस परत आणणार नाही, रस्त्यावर सोडेल किंवा कुणालातरी देऊन टाकेल. म्हणूनच करारात ‘कधीही, कोणत्याही कारणाने ठेवता आला नाही तर शेल्टरलाच परत’ हे कलम हवं. मग बसवून विचारा: काय झालं, किती वाजता, घरात कोण होतं, त्याच्या आधी काय घडलं होतं? त्या घरातला अनुभव वहीत (पाहा १) उतरवा. पुढच्या घरासाठी ही माहिती शेल्टरमधल्या निरीक्षणापेक्षा मोलाची आहे.

२१. महिनोन् महिने कोणी विचारत नाही. काय बदलू?

आधी मजकूर आणि फोटो (पाहा ४ आणि ५). जुनी पोस्ट पुन्हा पुन्हा टाकली की लोकांची नजर तिच्यावरून घसरते. मग जागा बदला: काही दिवस फॉस्टर घर, निदान दिवसभराची सहल. रोज पाच मिनिटं शिकवा. पिंजऱ्यासमोर माणूस आला की पुढे येऊन बसणं एवढं एक जमलं तरी बघणारे थांबतात. आणि येणाऱ्यांना विचारा, ‘तुम्हाला कसा दिवस आवडतो?’ लोक फोटो पाहून एकासाठी येतात आणि त्यांच्या घराला शोभतो दुसराच. ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

२२. वाढदिवसाची भेट म्हणून कुत्रा न्यायचाय. चालेल?

ज्याला द्यायचाय त्याला घेऊन या. कुत्र्याला तो आवडला पाहिजे.

२३. कुत्रा दिल्यावर कधीपर्यंत चौकशी करत राहायचं?

दुसऱ्या दिवशी फोन, मग आठवड्याने, ३ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी. ‘सगळं ठीक ना?’ विचारलंत तर ‘हो हो’ असंच उत्तर येतं. ‘काल रात्री कुठे झोपला? जेवताना जवळ गेलात तर काय करतो? एकटा किती वेळ राहिला?’ असं विचारा. ३ आठवड्यांचा फोन सगळ्यात महत्त्वाचा, कारण बुजरेपणा ओसरून खरा स्वभाव, आणि खऱ्या अडचणी, साधारण तेव्हाच वर येतात. तेव्हा वेळेवर दिलेला सल्ला पुष्कळ कुत्र्यांना परत येण्यापासून वाचवतो. त्याच फोनमध्ये लसीची पुढची तारीख आणि चिपवरचा फोन नंबर बदलला का, हेही विचारून घ्या.